नोव्हेंबरचा पूरिया

गेल्या रविवारी, दर हिवाळ्याच्या तोंडावर इथे जातात तशी, घड्याळं मागे गेली. आमच्याकडे हे काम सुहासचं, माझ्या नवऱ्याचं. सकाळी उठून तो आधी ओव्हनचं, मग गाडीतलं, मग भिंतीवरचं अशी सगळी घड्याळं तासाभरानं मागे ढकलतो आणि जगावर उपकार केल्यासारखा चेहरा करून चहा मागतो. संध्याकाळ मात्र त्याच्या हातात नसते. दुपारच्या चहाचे कप विसळून होईपर्यंत बाहेर सगळं करडं झालं, शेजारणीच्या सफरचंदाच्या झाडाची नुसती कड उरली, आणि मी नळ बंद करून तशीच उभी राहिले. "अंधारात काय करतेयस?" म्हणत सुहासनं दिवा लावला. तो दरवर्षी लावतो आणि मी दरवर्षी त्याच्यावर चिडते.

त्या वेळी मला दिवा नको असतो. मला एक खिडकी हवी असते. उंच, वरून गोलाकार, साध्या काचांची, आणि अगदी वरच्या ओळीला पिवळ्या काचा असलेली. त्या खिडकीखाली आम्ही नोव्हेंबरातल्या शनिवारी पूरिया राग गायचो.

इथे वेल्समध्ये, कार्डिफला, आमची एक संगीतशाळा होती. 'शाळा' हा नलूताईंचा शब्द, आणि त्यात त्यांना चेष्टा चालत नसे. नलूताई लग्न होऊन नागपूरहून इकडे आल्या त्या दोन दुलयांत गुंडाळलेला तंबोरा घेऊन. त्यांचे यजमान डोंगरातल्या एका खाणगावात जीपी, म्हणजे गावचे डॉक्टर होते. तिथे त्यांच्या पुढच्या खोलीत, शेकोटीशेजारी, चार-पाच मुलींना घेऊन शाळा सुरू झाली. पुढे यजमान गेले, मुलगा कॅनडात स्थिरावला आणि ताई कार्डिफला राहायला आल्या. दोन हजार सालाच्या आसपास पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली मंडळी भराभरा येऊ लागली, त्यांची मुलं आली, आणि पुढची खोली पुरेना. काही महिने शाळा लेझर सेंटरमध्ये, म्हणजे कौन्सिलच्या व्यायामशाळेत भरली. शेजारच्या खोलीत सायकली मारायचा क्लास असे. भिंतीपलीकडून ढोल बडवल्यासारखं संगीत यायचं आणि आमचा विलंबित ख्याल नकळत त्याच्या ठेक्यात जायचा. शेवटी ताईंनी तंबोरा उचलला आणि जागा शोधायला निघाल्या.

जागा मिळाली ती एका जुन्या वेल्श चॅपलमध्ये, लहानशा चर्चमध्ये. बाहेरून त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही बाजूंना घरांची रांग, मधे हे काळवंडलेल्या दगडाचं तोंड, दाराशी कौन्सिलच्या कचऱ्याच्या पेट्या. आत गेलं की मात्र मान आपोआप वर जायची. तीन बाजूंनी लाकडी सज्जा, त्याला लोखंडाचे बारीक खांब, आणि त्याच्या कितीतरी वर लाकडी फळ्यांचं छत, मधोमध चुन्यातलं मोठं फूल. समोर प्रवचनाचा उंच कठडा. त्याच्या पायथ्याशी गोल वळलेलं लाकडी बाकडं, पूर्वी तिथे चॅपलची वडीलधारी मंडळी बसायची. मधली बाकं आमच्या आधी तिथे भरणाऱ्या बालवाडीनं काढून टाकली होती, त्यामुळे मांडी घालून बसायला लाकडी जमीन मोकळी होती. किल्ल्या मिस्टर प्राइस यांच्याकडे असत. ते निवृत्त शाळामास्तर, आणि त्या चॅपलमध्ये रविवारी येणाऱ्या शेवटच्या सात-आठ म्हाताऱ्यांपैकी एक. ते सांगायचे, की भिंती उभ्या राहिल्या तेव्हा बांधणाऱ्या लोकांनी आत उभं राहून गाऊन बघितलं आणि मगच छप्पर किती उंच घ्यायचं ते ठरवलं. खरं-खोटं तेच जाणोत, पण त्या छताखाली गायलेला माणूस त्यांच्यावर चटकन विश्वास ठेवायचा.

मागच्या लहान खोलीत भिंतीवर एक लांब, पिवळा पडलेला कापडी तक्ता होता. त्यावर शिडीच्या पायऱ्यांसारखी एकावर एक अक्षरं: डो, रे, मी. गाणं न शिकलेल्या खाणकामगारांना आणि गोदीतल्या हमालांना याच तक्त्यावरून चार-चार आवाजांत गायला शिकवलं होतं म्हणे. मिस्टर प्राइसनी पहिल्याच दिवशी छडीनं अक्षरं दाखवायला सुरुवात केली, नलूताई गात गेल्या, एकदाही चुकल्या नाहीत. "हा डो कुठल्या पट्टीचा?" ताईंनी विचारलं. "वाटेल त्या. जिथे ठेवाल तिथे." ताई माझ्याकडे वळल्या. "वृंदा, म्हणजे सा गं. आपलीच माणसं आहेत ही." जागा तिथेच पक्की झाली.

मी खरं तर माझ्या मुलीला, सईला, सोडायला जायची. सई तेव्हा आठ-नऊ वर्षांची. वर्ग होईपर्यंत बाहेर गाडीत बसायचं तर काचा गोठायच्या, म्हणून आत बसू लागले, आणि बसून काय करायचं म्हणून गाऊ लागले. आवाज यथातथाच. पण हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आठवडाभर रक्ताच्या नळ्यांशी गप्पा मारणाऱ्या बाईला शनिवारी कुणीतरी 'सा लाव' म्हणणं फार बरं वाटतं.

नलूताई रागांच्या वेळा पाळायच्या, आणि या देशात वेळा पाळणं म्हणजे डोकेदुखी. उन्हाळ्यात इथे साडेनऊला सूर्य मावळतो. संध्याकाळचा राग म्हणायचा तर मुलं झोपायची वेळ होते. त्यामुळे मार्च ते ऑक्टोबर शाळेत सगळी दुपारच चालायची. भीमपलासी, मुलतानी, परत भीमपलासी. मुलांना वाटायचं, आपल्या संगीतात संध्याकाळ होतच नसावी. मग घड्याळं मागे जायची, आणि आमच्या तीन ते सहाच्या वर्गाच्या बरोबर मधे सूर्य बुडायला लागायचा. पूरिया शिकायचा तो तेव्हा. नाताळच्या सुटीच्या तोंडावर परीक्षा असायची, म्हणजे हाती मोजकेच शनिवार.

त्याचा एक विधी ठरलेला होता. साडेतीनला मुलतानी सुरू व्हायचा. समोरच्या घरांच्या धुराड्यांची सावली खिडकीवर खालून वर चढायची. उजेड एकेक काच सोडत वर जायचा आणि शेवटी पिवळ्या ओळीत थोडा वेळ थांबायचा. तो तिथूनही गेला की ताई हातातली चीज अर्धी असली तरी थांबवायच्या, तंबोरा जवळ घ्यायच्या आणि पहिल्या तारेची खुंटी पिळायच्या. मुलतानीला तिथे पंचम असतो. पूरियात पंचम नाही, म्हणून ती तार निषादावर न्यायची. तार चढताना जो आवाज यायचा, त्यानं आम्हा सगळ्यांच्या पाठी ताठ व्हायच्या. पूरिया संपेपर्यंत दिवा लावायचा नाही, हा नियम. ज्यांच्या घरी दिवेलागणीला अंधारात बसलं तर आई ओरडायची, असे आम्ही सगळे तिथे तिन्हीसांजेला मुद्दाम काळोखात बसायचो. ढग असले तर, आणि कार्डिफमध्ये ते असतातच, ताई अंदाजपंचे खुंटी पिळायच्या. पण छान ऊन असलेला शनिवार मिळाला, तर ती वेळ सगळ्या शाळेच्या अंगावर येऊन बसायची.

मी सांगतेय त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत ताईंच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, पण बसली होती नको तिथे. ऑपरेशननंतर स्वरयंत्राचा एक पडदा हलेनासा झाला. तपासणीला त्यांना मीच गाडीतून न्यायची, त्यामुळे डॉक्टर काय म्हणाले ते मला माहीत. आवाज आता आहे एवढाच राहणार, जोर केलात तर हाही जाईल. गाडीत बसल्यावर ताई बराच वेळ सीटबेल्टशी झटत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुणाला बोलू नकोस हं. मुलं माझी कीव करत शिकायला लागली तर मला शिकवता येणार नाही."

"पण ताई, जमेल तुम्हाला?"

"त्या छताखाली जमेल. दुसरीकडे नाही जमायचं."

सप्टेंबरात त्यांनी मुलांना एवढंच सांगितलं, की यंदा मी हळू गाणार, तुम्ही कान मोठे करा. मुलांना तो नवा खेळ वाटला. ताई कुजबुजल्यासारखा स्वर लावायच्या. तो वर जायचा, छताला टेकायचा आणि पसरून सगळ्यांवर उतरायचा. शेवटच्या रांगेतल्या पोरापर्यंत त्यातला कोमल रिषभ जसाच्या तसा पोचायचा. तो ऐकू यावा म्हणून मुलं स्वतःही हळू गाऊ लागली. ताईंचं सगळं शिकवणं, म्हणजे त्यांचं उरलेलं सगळं आयुष्य, त्या लाकडी फळ्यांच्या भरवशावर चाललं होतं आणि ते त्यांना आणि मला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

आता मिलिंद. शाळेतल्या जुळ्या मुलींचा बाप, पुण्याचा, नोकरी दूर, लंडनजवळच्या ब्रॅकनेलला. आठवडाभर तिकडे आणि शनिवार-रविवार इकडे. वर्ग चालू असताना तो दाराजवळच्या बाकावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचा. कुठलीही गोष्ट बिघडलेली दिसली की त्याचे हात शिवशिवायचे, आणि चॅपलमध्ये बिघडलेली गोष्ट एकच होती, थंडी. रेडिएटर होते, पण त्यांची ऊब सरळ छताकडे जायची. मुलं कोट घालून बसायची, तबला शिकणाऱ्यांची बोटं वळायची नाहीत. ऑक्टोबरात पालकांची बैठक झाली तेव्हा मिलिंद पूर्ण तयारीनं आला.

"ताई, प्रॉब्लेम हाइटचा आहे. फॉल्स सीलिंग टाकू. सज्ज्याच्या लेव्हलला. मिस्टर प्राइसशी बोललोय मी, त्यांच्या ट्रस्टींची ना नाही. हॉल एकदम टोस्टी होईल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. का नाही डोलावणार? पोरं सर्दीनं हैराण होती. ताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग मुलांकडे. "मुलांना थंडी वाजते हे खरंच आहे," त्या म्हणाल्या. आपला आवाज वाचवण्यासाठी त्या एक शब्द बोलल्या असत्या तर तिथल्या तिथे विषय मिटला असता. त्या बोलल्या नाहीत, आणि मला बोलू दिलं नव्हतं. मी इतकंच म्हणाले की परीक्षेच्या तोंडावर कामं नकोत. ते सगळ्यांना पटलं. सीलिंग जानेवारीवर गेलं. "तोपर्यंत टेम्पररी काहीतरी करतो मी," मिलिंद म्हणाला.

हे टेम्पररी काहीतरी पुढच्या शनिवारी आमच्या स्वागताला तयार होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड, चॉकलेटी गालिचा. सज्ज्याच्या कठड्यावरून खाली सोडलेले मखमली पडदे, कुठल्याशा बंद पडलेल्या थिएटरचे. आणि सगळ्यांच्या डोक्यावरून, दोन्ही सज्ज्यांच्या मधे, ताणून बांधलेली लग्नाच्या मंडपाची कापडी कनात. ती कुणाच्या तरी ओळखीनं लेस्टरहून आली होती. "गुरुदक्षिणा समजा ताई," मिलिंद म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता. हॉल सुंदर उबदार झाला होता. मुलांनी कोट काढले, कुणीतरी मोजेही काढले. मी मात्र आधी वर बघितलं, छत दिसत नव्हतं.

कनातीमुळे खिडकीचा वरचा भाग दिसत नव्हता. ताईंनी अंदाजानंच खुंटी पिळली. मग डोळे मिटून मंद्र निषादावरून गंधारावर आल्या. निदान त्यांचे ओठ हलले. पुढच्या रांगेतल्या मुलींनी काहीतरी म्हटलं, मधल्यांनी पुढच्यांचं बघून म्हटलं, मागे नुसती चुळबुळ. ताईंनी पुन्हा म्हटलं. मग सई, दुसऱ्या रांगेतून, अगदी साधेपणानं म्हणाली, "ताई, तुमचा आवाज इकडे येतच नाही आहे."

ताईंनी जोर केला. जो करायचा नव्हता तो. आवाज फाटला आणि मधेच संपला. त्यांनी गळ्याशी हात नेला, थोडं पाणी घेतलं, आणि बाजूला तबल्याच्या साथीला ठेवलेली पेटी पुढे ओढली. नलूताईंनी गाणं शिकवताना पेटीला कधी हात लावला नव्हता. पूरियातला रिषभ पेटीत सापडत नाही, असं त्या नेहमी सांगायच्या. त्या दिवशी त्यांनी पेटीवर रिषभ दिला, मुलांनी तो घेतला, आणि वर्ग बिनबोभाट पार पडला. कुणाच्या तरी आईनं टाळ्यासुद्धा वाजवल्या. ताई हसल्या. त्यांच्या हाताकडे मी एकटीच बघत होते. वर्ग संपला तरी तो भात्यावरून निघाला नव्हता.

त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. ताईंचा फोनही आला नाही. बुधवारी मीच केला, तर म्हणाल्या, "परीक्षा होऊ दे. मग बघू कोणी तरुण मिळतंय का शिकवायला." मला रडू आलं आणि त्यांना ते कळू नये म्हणून मी कुकरची शिट्टी झाली असं सांगून फोन ठेवला.

शनिवारी जरा लवकरच गेले. आत शिरले तर चुन्यातलं फूल सरळ डोळ्यांसमोर. कनात नव्हती, पडदे नव्हते. गालिच्याची गुंडाळी भिंतीला टेकून उभी होती आणि मिलिंद तिला दोरी बांधत होता. दाराजवळच्या त्याच्या बाकावर एक मोठी पिशवी होती, तिच्यात माकडटोप्या. चॉकलेटी, राखाडी, गर्द हिरव्या. पुण्याहून आईकडून कुरियरनं मागवल्या होत्या. मी काही विचारायच्या आधी तोच बोलला, हातातल्या दोरीकडे बघत.

"चार वर्षं मी इथे शेवटच्या बाकावर बसतोय. लॅपटॉपमध्ये डोकं घालून. तरी मला पूरिया येतो, वहिनी. गेल्या आठवड्यात काहीच ऐकू आलं नाही." मग दोरी ओढत, "ताईंना बरं नाहीये का?"

मी म्हटलं, "गाठ घट्ट मार, सुटेल ती." त्यानं मारली.

ताई आल्या. दारातच थांबल्या, वर बघितलं. "मिलिंद, गालिचा रे?"

"भिजला, ताई. वरून गळलं."

त्या आठवड्यात पावसाचा टिपूस पडला नव्हता. ताईंनी कोरड्या जमिनीवरून नजर फिरवली. "बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून एक हिरवी माकडटोपी काढून स्वतःच्या डोक्यावर चढवली. पोरं हसून लोळायला लागली. त्या दिवशी ऊन होतं. पिवळ्या काचा विझल्या, खुंटी फिरली आणि ताईंनी निषाद लावला. तो छताला जाऊन खाली आला, आणि वीस माकडटोप्यांनी तो एकदम उचलला. मी गाऊ शकले नाही. सीलिंगचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मुलं थंडीत बसली, नाकं गळाली, पण कुणी शाळा सोडली नाही.

परीक्षा घ्यायला लंडनहून एक वयस्कर गृहस्थ आले, मफलर आणि कानटोपी दोन्ही लावून. वडीलधाऱ्यांच्या त्या गोल बाकड्यावर ते बसले. उजेड कमी झाल्यावर त्यांनी शेरे लिहायला दिवा मागितला. ताई म्हणाल्या, "पूरिया होईपर्यंत थांबता का?" ते थांबले. अंधारात एकामागून एक मुलं गायली. शेवटी ते म्हणाले, "बाई, ही आवाज लावायची रीत कुठली? सगळी मुलं इतकी हळू लावतात आणि तरी कानाशी येतं. तुमची तालीम कोणाकडची?" ताईंनी एक बोट वर केलं. गृहस्थांना वाटलं त्या देवाबद्दल सांगताहेत. त्यांनी भक्तिभावानं हात जोडले. मागच्या बाकावर मिलिंदला खोकला आला.

त्यानंतरही काही नोव्हेंबर ताईंनी त्या छताखाली शिकवलं. मग एका फेब्रुवारीत त्या गेल्या. तोपर्यंत मिस्टर प्राइसही नव्हते आणि रविवारी यायला कुणी उरलं नव्हतं. चॅपल विकलं गेलं. शाळा इकडे तिकडे विखुरली, काही दिवस एका कम्युनिटी हॉलमध्ये भरली आणि थांबली. तक्ता कुठे गेला कुणास ठाऊक.

मागच्या वर्षी, असंच घड्याळं मागे गेल्यावर, सई ब्रिस्टलहून आली होती. आता ती तिथे शिकवते, आणि शनिवारी चार मुलांना गाणंही शिकवते. रस्त्यानं जाताना घरं विकणाऱ्या एजंटच्या काचेत तिला फोटो दिसला. चॅपलमध्ये फ्लॅट झाले होते, त्यातला एक विकायचा होता. "आई, बघून येऊ या ना. विकत घ्यायचं नाटक करू." मी नको म्हणत होते आणि पाय चालत होते.

फ्लॅट छान होता. हॉलच्या उंचीत आता तीन मजले बसले होते. आमच्या खिडकीचा खालचा अर्धा भाग या घरात आणि पिवळ्या काचा वरच्या घरात. एजंट मुलगी कौतुकानं सांगत होती, की छत खाली घेतल्यामुळे घर फार उबदार राहतं. जमिनीवर गालिचा होता. सई खिडकीशी उभी राहून अगदी हळू निषादावरून गंधारावर आली. स्वर तिच्या पायाशीच पडला. ती खिडकीपासून वळली आणि म्हणाली, "चल आई."

बाहेर जिना होता. तो सगळ्या घरांचा मिळून, आणि तेवढ्या चौकोनात मात्र त्यांनी नवं छत घातलं नव्हतं. एजंटचं घरात काहीतरी राहिलं म्हणून ती परत गेली. जिन्याचा दिवा वेळ संपून आपोआप विझला. सईनं कठड्यावर हात ठेवला आणि पुन्हा तोच स्वर लावला, कुणाला उठवायचं नसल्यासारखा, तसाच. तो वर गेला. मग खाली आला आणि माझ्या कानाशी थांबला. नलूताईंच्या आवाजात मी तो हजारदा ऐकला होता.

"आई," सई म्हणाली, "मी पण मुलांना असंच शिकवते, हळू. ते विचारतात का, तर मला सांगता येत नाही. ताई एवढं हळू का गात होत्या गं?"

दिलेला शब्द मोडायला आता कुणाची हरकत नव्हती. तरी मी नुसतं एक बोट वर केलं. सईनं मान वर करून बघितलं. तिथे अंधारात त्या लाकडी फळ्या होत्या.